थंडरबर्ड: दालमिलच्या ऑफिसात चार महिने वापरून

जळगाव एमआयडीसीत आमची दालमिल आहे, ऑफिसात ५ कम्प्युटर, आणि मेल उघडणाऱ्यांपैकी कुणीच कम्प्युटरचं शिकलेलं नाही, टॅलीत एन्ट्री मारता येते तेवढंच. मार्चमधे मुनीम आप्पांना 'बिल' नावाची झिप आली, आतली फाईल पीडीएफ दिसत होती म्हणून त्यांनी डबल क्लिक केलं आणि मला आवाज दिला, "भाऊ, हाई फाईल उघडत नही शे, दख बरं." फाईलच्या नावात पीडीएफच्या पुढे ईएक्सई होतं, म्हणजे कागद नव्हे तर चालणारा प्रोग्राम, आणि विंडोज नावाचं ते शेपूट लपवून ठेवतं. २००० साली आयलव्हयू व्हायरस याच युक्तीने पसरला होता आणि अजूनही ते शेपूट लपलेलंच, याचा मला खरंच राग येतो. कम्प्युटर फॉरमॅट मारला, टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता म्हणून वाचलो. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमधे फाईल नेम एक्स्टेन्शन्सला टिक करा, आजच करा.

मग सगळीकडे मोझिलाचं थंडरबर्ड टाकलं, मेल बघायचा प्रोग्राम, फुकट आहे. आवडलं ते हे की माणसाने काही न करता बरंच काही आधीच बंद असतं, मेलमधले बाहेरून येणारे फोटो लोड होत नाहीत म्हणजे आपण मेल उघडला हे फोटोवरून पाठवणाऱ्याला कळत नाही, मेलमधलं जावास्क्रिप्ट, म्हणजे मेलमधे घातलेला छोटा प्रोग्राम, चालत नाही. लिंकवर माउस नुसता नेला की खालच्या पट्टीवर खरा पत्ता दिसतो, आप्पांना एकदाच दाखवलं, आता ते स्वतः पत्ता वाचून मला विचारतात.

खटकली ती 'हा मेल फसवणुकीचा असू शकतो' असा इशारा देणारी पट्टी. बँकेच्या खऱ्या मेललाही ती लागते, त्यामुळे पंधरा दिवसात सगळे न वाचताच बंद करायला लागले, म्हणजे खरी वेळ येईल तेव्हाही तेच होणार. शिवाय यादीत पाठवणाऱ्याचं नुसतं नाव दिसतं, तुरीच्या व्यापाऱ्याचं नाव लावून कुणीही 'खातं बदललंय' लिहू शकतो, म्हणून आम्ही ठरवलंय की खाते नंबर बदलला असं मेलवर आलं की व्यापाऱ्याच्या जुन्या मोबाईलवर फोन, मगच आरटीजीएस. पैसे गेलेच तर लगेच १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, हा नंबर टेबलाच्या काचेखाली लावलाय. अँटीव्हायरस वेगळा लागतोच, थंडरबर्ड स्वतः फाईल तपासत नाही.

५ पैकी ४. अँड्रॉइडवर ऑक्टोबर २०२४ पासून आलंय, आप्पांच्या मोबाईलवर टाकून बघतो मग लिहितो.