वाकड्या पायाचं बाळ: मालीश, प्लास्टर की ऑपरेशन?

आमच्या लेकीचा डावा पाय जन्मतःच आत वळलेला होता, टाच वर ओढलेली. याला क्लबफूट म्हणतात. बारशाच्या आधीच घरात तीन पक्ष पडले. आज्जी म्हणाल्या, "त्याल लावून चोळा, सरळ हुतंय." दीर म्हणाले, एकदाच ऑपरेशन करून मोकळं व्हा. डॉक्टर म्हणाले, प्लास्टर. ग्रहणात विळी हातात घेतली होतीस का, असं विचारणारा चौथा पक्षही होता. त्यांना चहा द्या, उत्तर देऊ नका.

मालिशीचं आधी सांगते. काही बाळांचा पाय गर्भात दुमडून राहिल्यामुळे वाकडा दिसतो, पण हातानं अलगद फिरवला की सरळ येतो. तो चोळण्याआधीच बरा होण्याच्या वाटेवर असतो आणि श्रेय तेलाला मिळतं. खरा क्लबफूट ताठ असतो, हातानं पुरता सरळ येत नाही. तिथे मालिशीत घालवलेले महिने वाया जातात. फ्रान्समध्ये रोज फिजिओथेरपी आणि चिकटपट्ट्या बांधून पाय सुधारायची पद्धत आहे, पण चंदगडहून रोज कोल्हापूर कोण गाठणार?

ऑपरेशन म्हणजे पायाच्या आतले आखडलेले सांधे आणि शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायू हाडाला बांधणाऱ्या) मोकळ्या करणं. पाय लवकर सरळ दिसतो, म्हणून मोह होतो. पण असे पाय मोठेपणी ताठर आणि दुखरे होण्याचं प्रमाण बरंच आढळलं, म्हणून आता ते पहिला उपाय राहिलेलं नाही. प्लास्टरनं न सुधारलेल्या पायासाठी ते राखून ठेवतात.

प्लास्टरची पद्धत अमेरिकेतल्या आयोवा इथले डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांची. दर आठवड्याला पाय थोडा वळवून मांडीपर्यंत प्लास्टर, साधारण 5 ते 7 वेळा. शेवटी बहुतेक बाळांची टाचेमागची शीर बारीक छेद देऊन कापतात आणि 3 आठवडे शेवटचं प्लास्टर ठेवतात. शीर पुन्हा जुळून येते. हे ऐकून मी रडले होते. प्रत्यक्षात काम काही मिनिटांचं निघालं. पावसाळ्यात प्लास्टर भिजू देऊ नका. बोटं आत सरकलेली किंवा निळसर दिसली तर पुढच्या तारखेची वाट न बघता दवाखाना गाठा.

खरी कसोटी त्यानंतर, बुटांची. आडव्या पट्टीनं जोडलेले बूट पहिले 3 महिने 23 तास, मग 4-5 वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाय पुन्हा वळतो तो बहुतेक वेळा इथेच. बाळ रडतंय म्हणून कुणीतरी मायेनं बूट काढतं, पाय सरळच दिसतोय की, असं म्हणतं. आमच्याकडे ते कुणीतरी म्हणजे मीच होते. आठ दिवसांत टाच पुन्हा वर गेली आणि दोन प्लास्टरं नव्यानं घालावी लागली. म्हणून प्लास्टर निवडताना, रात्री दोन वाजता बूट कोण बांधणार, हे नवरा-बायकोनं आधीच ठरवून घ्या.

खर्चाची चिंता असेल तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात चौकशी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूट बसतो, त्यात उपचार मोफत मिळतात. तिथे किंवा खासगी डॉक्टरांकडे, कुठेही दोन प्रश्न विचाराच: ही पोन्सेटीचीच पद्धत आहे का, आणि पाय वाढला की मोठ्या मापाचे बूट कुठे मिळतील?