कॉम्प्युटरचा २४० एमएमचा वॉटर कूलर: थंड मस्त करतो, पण बॅकप्लेट खुळखुळते (चार वायसरचा उपाय)

रिव्ह्यू जरा लांब झालाय पण ज्यांनी जुना वॉटर कूलर इंटेलच्या १२व्या जनरेशनच्या प्रोसेसरवर किंवा त्यापुढच्यावर चढवलाय त्यांनी पूर्ण वाचा, माझे ऐन लग्नाच्या सीझनमधले दहा दिवस यात गेलेत, तुमचे जायला नकोत.

आधी कूलरबद्दल. २४० एमएम रेडिएटरचा एआयओ (पंप, नळ्या, रेडिएटर सगळं जोडूनच येणारा पाण्याचा कूलर), तीन वर्षांपूर्वी साडेसहा हजाराला घेतला, तेव्हा माझ्याकडे इंटेलचा १०४०० प्रोसेसर होता आणि त्याच्यावर हा इतका शांत चालायचा की रात्री दीड-दोनला व्हिडिओचं रेंडर (एडिट झाल्यावर अंतिम फाइल बनवणं) लावून त्याच खोलीत झोपायचो. पंपाचा आवाज नाही, नळ्या अजून मऊ आहेत, फॅनसुद्धा तेच ओरिजिनल. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा घोळ जुन्या फिटिंग किटवाल्या कुठल्याही कूलरला होऊ शकतो.

मार्चमध्ये १२व्या जनरेशनचा १२६००के घेतला, मदरबोर्डही नवीन. घ्यायच्या आधी कंपनीला मेल टाकून विचारलं की नवीन सॉकेटसाठी (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) वेगळं किट लागेल का, तर उत्तर आलं की बॉक्समधली बॅकप्लेट (बोर्डाच्या मागून बसणारी, कूलरचे स्क्रू धरणारी पट्टी) जुन्या-नव्या दोन्ही सॉकेटला चालते. बसते हे खरं आहे. जुन्या १२००च्या सॉकेटला भोकांमधलं अंतर ७५ एमएम असतं आणि नव्या १७००ला ७८, या बॅकप्लेटचे कान बाहेर सरकतात त्यामुळे स्क्रू बरोबर भोकात जातात. पण २०२१च्या नोव्हेंबरात हे १७००चं सॉकेट आलं तेव्हा नुसती भोकं लांब गेली नाहीत, प्रोसेसरची बोर्डापासूनची उंचीही कमी झाली. म्हणजे कूलरला आधीपेक्षा खाली उतरून दाबायला पाहिजे, आणि स्क्रू तर जुन्याच मापाचे. मेलला उत्तर देणाऱ्याने उंचीचा विचारच केला नव्हता, आणि माझा खरा राग तिथेच आहे.

बसवताना काय झालं ते सांगतो. प्रोसेसरवर थर्मल पेस्ट (उष्णता कूलरकडे नेणारी) लावली, ब्लॉक (कूलरचा प्रोसेसरवर बसणारा भाग) ठेवला, चारही स्क्रू आटे संपेपर्यंत पिळले, आणि मग सहज ब्लॉकला हात लावला तर तो डावीकडे-उजवीकडे फिरला, चांगला अर्धा सेंटीमीटर! मागून बॅकप्लेट बोटाने हलवली तर खुळखुळा वाजावा तशी टकटक. तरी म्हटलं चालू करून बघू. नुसत्या डेस्कटॉपवर ५४ डिग्री, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी टेस्ट) लावलं की चार-पाच सेकंदात थेट १०० आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) साडेचार गिगाहर्ट्झवरून खाली खाली जात तीन पॉइंट तीनच्या आसपास. एका रिसेप्शनची फाइल रेंडर व्हायला ४७ मिनिटं लागली आणि गिऱ्हाइकाचा दर अर्ध्या तासाला फोन.

मित्रांनी पंप गेला म्हणून सांगितलं, एकाने काँटॅक्ट फ्रेम (प्रोसेसर सपाट दाबून धरणारी चौकट) घे म्हणून सांगितलं, मी नवीन कूलर कार्टमध्येसुद्धा टाकला होता. पण त्याआधी एक गोष्ट केली जी प्रत्येकाने करून बघावी. केस आडवी केली, लोड लावला, स्क्रीनवर तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवलं आणि अंगठ्यांनी ब्लॉक सरळ खाली दाबून धरला. ९८वरून ८१, फार तर दहा सेकंदात. हात सोडला की परत ९८. म्हणजे पंप ठणठणीत, पाणी फिरतंय, फक्त दाब नाही. ब्लॉक काढून बघितला तर पेस्टची खूणही तेच सांगत होती, एका कडेला भाकरीवर लोणी थापावं तशी जाड आणि दुसऱ्या कडेला नुसता पुसट ठसा.

त्या रात्री अकराला कुठलं दुकान उघडं असणार, म्हणून किचनच्या ड्रॉवरमधले नळाचे रबरी वायसर काढले, कात्रीने बारीक केले आणि बॅकप्लेट आणि बोर्ड यांच्या मधे चार कोपऱ्यांना एकेक घातला. बॅकप्लेट तेवढी मागे सरकते आणि समोरचा ब्लॉक स्क्रूबरोबर तेवढाच खाली ओढला जातो. लगेच फरक पडला, लोडला ८३. पण आठवडाभरात तापमान परत चढायला लागलं, उघडलं तर रबर चपटं होऊन बसलेलं. रबर तात्पुरतंच समजा.

मग नीट केलं. माझा मेव्हणा भोसरी एमआयडीसीत टूलरूमला आहे, तो व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) घेऊन घरी आला आणि बॅकप्लेट किती हलते ते मोजलं, ०.९ एमएम. मी बुधवार पेठेत तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जायला निघालो होतो, तो म्हणाला, "भावजी, गल्लीत कशाला जाताय, कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळेल." काकांकडे गेलो, चार एमएमच्या स्क्रूचे एक एमएम जाडीचे नायलॉनचे वायसर मागितले, त्यांनी कागदाच्या पुडीत आठ दिले आणि दहा रुपये घेतले. लोखंडी घेऊ नका, बोर्डाच्या मागच्या बाजूला भोकाजवळूनच बारीक ट्रॅक जातात, शॉर्ट झालं तर बोर्ड गेलाच.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, एमएक्स-४ पेस्टचा वाटाण्याएवढा थेंब मधोमध, आणि स्क्रू तिरके-तिरके, समोरासमोरचे, प्रत्येकी अर्धा फेरा असे करत गेलो. एक स्क्रू पूर्ण पिळून मग दुसऱ्याकडे गेलात तर ब्लॉक कलतो आणि परत तीच जाड कडा. वायसरही एकावर दोन लावायचा मोह टाळा, आधी मोजा, जास्त दाबाने बोर्ड वाकतो. माझ्याकडे आता बॅकप्लेट जागची हलत नाही आणि ब्लॉक धरून केस उचलता येईल इतका घट्ट आहे (उचलू नका अर्थात, नळ्या आहेत).

आता आकडे: खोली ३३ डिग्रीला असताना नुसतं ३८, सिनेबेंचला ७७, क्लॉक साडेचारला स्थिर. तीच रिसेप्शनची फाइल ३५ मिनिटांत. याला पाच महिने झाले, मधे एप्रिल-मेचा पुण्याचा उन्हाळाही काढला, आणि परवा धूळ काढताना मुद्दाम मागून बोट लावून बघितलं, टकटक नाही.

रेटिंग तीन स्टार. रेडिएटर, पंप, फॅन यांना मी डोळे मिटून पाच दिले असते, दोन कापलेत ते बॅकप्लेटचे आणि त्या मेलचे. कंपनीकडून कोणी वाचत असेल तर बॉक्समध्ये नायलॉनचे चार वायसर टाका किंवा १७००चे वेगळे स्क्रू द्या, आणि जुन्या गिऱ्हाइकांनी मागितले तर कुरिअरने पाठवा. माझ्या पुडीतले चार अजून शिल्लक आहेत, ते केसच्या तळाशी टेपने चिकटवून ठेवलेत.