फोटोमॅटिक्स प्रो: एचडीआर नॅचरल हवं असेल तरी घ्या

फोटोमॅटिक्स प्रो हे एचडीआरचं, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक फोटो बनवायचं सॉफ्टवेअर. त्याचं नाव काढलं की लोकांना ते जांभळ्या ढगांचे भडक फोटोच आठवतात. तसे फोटो यातून निघतात हे खरंय, पण तेवढ्यावरून सॉफ्टवेअर बाद करू नका.

मी हे मुख्यतः लेण्यांसाठी वापरते. कार्ल्याचं चैत्यगृह घ्या, समोरच्या कमानीतून ऊन आत येतं आणि बाजूचे खांब अंधारात, कमान नीट आली की खांबांवरचे हत्ती काळे पडतात आणि हत्ती उजळवले की कमान पांढरीफटक. म्हणून -2, 0, +2 असे, म्हणजे एक गडद, एक नेहमीचा आणि एक उजळ, 3 रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले) फोटो. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे ब्रॅकेटिंग, म्हणजे हे 3 फोटो काढणं, हातातच करावं लागतं, आणि इथे सॉफ्टवेअरचं अलाइनमेंट (हललेले फोटो एकमेकांवर नीट बसवणं) खरंच कामाला येतं. मधून कोणी चालत गेलं तर तेवढा भाग सिलेक्ट करून तिथे कुठला फोटो वापरायचा ते आपण सांगायचं, त्या माणसाच्या अर्धवट आकृत्या, म्हणजे भुतं, गायब!

आता लुकचं. डिटेल्स एन्हान्सर हा यातला एक पर्याय प्रत्येक भागाचा कॉन्ट्रास्ट आजूबाजूचं बघून वाढवतो, म्हणून स्ट्रेंग्थ फुल आणि लायटिंग इफेक्ट्स सररियलवर ठेवलं की कमानीभोवती हेलो (उजळ कडा) येतो आणि दगड प्लॅस्टिकचा वाटायला लागतो. गंजलेला ट्रक, पडका वाडा असल्या फोटोंना तो लुक शोभतो, मलाही आवडतो. पण लेण्यात अंधार हवाच हो, सगळा कोपरान् कोपरा उजळला तर ते लेणं राहतच नाही! तिथे एक्स्पोजर फ्यूजन हा दुसरा पर्याय वापरा, ते मधली 32 बिटची एचडीआर फाइल न बनवता प्रत्येक फोटोतला नीट एक्स्पोज झालेला भाग उचलतं, रिझल्ट डोळ्यांना दिसतं त्याच्या बराच जवळ जातो, छताच्या लाकडी फासळ्यासुद्धा हळूच दिसतात.

न आवडलेलं म्हणजे इंटरफेस जुनाट वाटतो, आणि डिटेल्स एन्हान्सरमध्ये सावल्यांतला नॉइज (दाणेदारपणा) पटकन वर येतो, त्यामुळे कॅमेऱ्याचा आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कमीच ठेवा.

अ‍ॅडोबीचं लाइटरूम हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर 2015 च्या व्हर्जन 6 पासून त्यात एचडीआर मर्ज आहेच, साध्या लँडस्केपला ते पुरतं. फोटोत माणसं हलत असतील किंवा एकाच सेटचे वेगवेगळे लुक करून बघायचे असतील तर मात्र मी हेच उघडते. ट्रायल संपत नाही, फक्त वॉटरमार्क येतो, तेव्हा आधी स्वतःचे फोटो टाकून बघा मग पैसे भरा.