विनाबॅटरी वायरलेस बटण: काही महिन्यांच्या वापरानंतर

मीटिंगमध्ये माइक चालू-बंद करायला आणि स्लाइड पुढे सरकवायला मी गेले काही महिने बॅटरीच नसलेलं वायरलेस बटण वापरतेय. त्यात सेल नाही, चार्जिंगचं पोर्टही नाही. बोटाने दाबलं की त्या दाबातूनच वीज तयार होते आणि तेवढ्यावर सिग्नल जातो. यूएसबी पोर्टात रिसीव्हर लावायचा, कोणत्या दाबाला कोणता शॉर्टकट ते सॉफ्टवेअरमध्ये ठरवायचं, झालं. मला हे प्रकरण मनापासून आवडलंय.

आत चुंबक, तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि स्प्रिंग. तत्त्व फॅरेडेने १८३१मध्ये दाखवलेलंच: गुंडाळीतलं चुंबकीय क्षेत्र बदललं की वीज निर्माण होते. पण खरी करामत स्प्रिंगची. बटण सावकाश दाबलं तरी ती ताण साठवत जाते आणि ठरावीक जागी चुंबक एकदम उलटतो. त्यामुळे बोट हळू असो की जोरात, वीज जवळपास तेवढीच मिळते. अर्धवट दाबलं तर मात्र काहीच होत नाही. बोट उचलताना चुंबक परत उलटतो, म्हणजे दुसरा सिग्नल. 'दाबून ठेवलंय तोवर माइक चालू, सोडलं की बंद' हे मी त्यावरच बसवलंय आणि सर्वात जास्त उपयोग त्याचाच होतो.

त्रास आवाजाचा. दर वेळी चांगला खणखणीत 'खट्' होतो आणि माइक टेबलावरच असेल तर समोरच्याला तो ऐकू जातो. माइक स्टँडवर घेतल्यावर फरक पडला. बटण कडकही आहे. खाली दुहेरी टेप लावली नाही तर दाबताना सरकतं. शिवाय माझं मॉडेल एकतर्फी आहे. सिग्नल पोचला की नाही हे बटणाला कळत नाही, स्क्रीनवरच बघावं लागतं. धातूच्या पत्र्यावर ठेवलं तेव्हा रेंज घटली, लाकडावर व्यवस्थित चालतं. घेताना फ्रीक्वेन्सी नक्की तपासा: अशी बरीच बटणं युरोपात ८६८ मेगाहर्ट्झवर चालतात, इतरत्र वेगळ्या.

मग माउसही असाच का नको? कारण बटणाला फक्त दाबल्या क्षणी काम असतं. एका दाबातली शंभरेक मायक्रोज्यूल (म्हणजे ०.१ मिलिज्यूल) ऊर्जा एका छोट्या संदेशाला पुरते. माउसचा सेन्सर मात्र हात फिरतोय तोवर सतत पृष्ठभाग बघत असतो. एका एए सेलवर वर्षभर चालणारा माउस धरला, तर सरासरी खर्च साधारण ०.३ मिलिवॅट, म्हणजे सेकंदाला ०.३ मिलिज्यूल येतो, आणि यात माउस नुसता पडून असतानाचा वेळही आला; हात फिरताना खर्च याहून जास्तच. शंभर ग्रॅमचा माउस सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने फिरवला, तर त्यात गतिज ऊर्जा असते जेमतेम साडेचार मिलिज्यूल. त्यातली बरीचशी काढून घेतली, तर माउस हाताला जड लागणार, कारण ती ऊर्जा शेवटी मनगटातूनच येते. दिवसभर ड्रॉइंग करणाऱ्याला तो जडपणा नकोच वाटेल. माझ्या माउसमध्ये अजून सेलच आहे आणि मला त्याची तक्रार नाही.