पैसा वर घालावा की खाली? दोन्हीकडे काम केलेल्या माणसाची तुलना

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होतो. भाची खालून सुपारीचा घोस वर देत होती. देता देता म्हणाली, "मामा, चंद्रावर यान उतरवायला आपल्याकडे पैसे आहेत, आणि दारातल्या समुद्राचा तळ मात्र अजून पुरता ठाऊक नाही. हे बरोबर वाटतं तुला?"

ती भौतिकशास्त्र घेऊन बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अवकाशाकडे वळायचं की समुद्रविज्ञानाकडे, हे तिला येत्या काही महिन्यांत ठरवायचं आहे. विचारलं पैशाबद्दल, पण तिच्या मनात स्वतःची पुढची वर्षं होती, हे मला कळत होतं. मी दोन्हीकडे काम केलं आहे. चौदा वर्षं वेगवेगळ्या संशोधन जहाजांवर कंत्राटी तंत्रज्ञ होतो. मग जमिनीवर आलो आणि उपग्रहांनी पाठवलेले आकडे समुद्रातल्या मोजमापांशी पडताळण्याचं काम धरलं. त्या दिवशी पाटावर उभा असताना तिला घाईत काहीतरी बोललो. ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे सविस्तर.

आकड्यांवर फार थांबत नाही. २०२४-२५च्या अर्थसंकल्पात अवकाश विभागाला साधारण १३ हजार कोटी रुपये होते आणि पृथ्वी विज्ञान मंत्रालयाला साधारण ३ हजार कोटी. या ३ हजारांत हवामान खातं, समुद्र, ध्रुवीय मोहिमा, भूकंपमापन असं सगळं आलं. म्हणजे माणशी वर्षाला आकाशासाठी नव्वद-पंच्याण्णव रुपये आणि बाकी सगळ्यासाठी वीस-बावीस. पणजीत एका मासळीच्या थाळीला या दोहोंच्या बेरजेहून जास्त मोजावे लागतात. त्यामुळे "गरीब देशाला ही थेरं कशाला" हा आक्षेप मला पटत नाही. भाचीचा प्रश्न मात्र पटतो, कारण ती 'नको' म्हणत नाही. तेच पैसे खाली घातले असते तर जास्त कामी आले असते का, एवढंच ती विचारते.

गोव्यात राहणाऱ्याने समुद्राची बाजू हलकी मांडू नये. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली स्थापन झाली, ती दोनापावलाला आहे. ध्रुवीय संशोधनाचं केंद्र वास्कोला हेडलँड सड्यावर आहे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१मध्ये निघाली ती गोव्याहूनच. त्याच वर्षाच्या जानेवारीत 'गवेषणी' जहाजाने समुद्रतळावरचे बहुधात्वीय गोळे पहिल्यांदा वर आणले होते. हे सगळं बाजूला ठेवलं तरी समुद्राच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की त्याला आकाशवाल्यांकडे अजून पुरतं उत्तर नाही.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या किनाऱ्याजवळ खालचं गार पाणी वर सरकतं. त्यात प्राणवायू आधीच कमी असतो. वर नद्यांचं आणि पावसाचं गोडं पाणी झाकणासारखं बसलेलं असतं, त्यामुळे हवा खाली मिसळत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तळाजवळचा प्राणवायू जवळजवळ संपतो. तळावरची मासळी तिथून निघून जाते, जिला जाता येत नाही ती मरते. वरून बघाल तर पाणी हिरवंगार, शेवाळाने भरलेलं, उलट समृद्ध दिसतं. खालची स्थिती कळायची तर बाटली खाली सोडावी लागते. कांदोळीसमोर एका ठरलेल्या जागी शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. अशा बाटल्या मीही उघडल्या आहेत. सप्टेंबरअखेरीस कधी कधी झाकण सैल करताच कुजक्या अंड्यांचा वास येतो, आणि डेकवरची बोलणी थांबतात.

भरीला, पाण्याचा रंग पाहणाऱ्या उपग्रहाला ढगांतून दिसत नाही. नेमक्या पावसाळ्यात अरबी समुद्र झाकलेला असतो. सूक्ष्मतरंगांवर चालणारी उपकरणं ढग भेदतात, पण ती पाण्याचा रंग सांगत नाहीत. एवढ्यावर थांबलो असतो तर मी आजही जहाजावरच असतो.

माझं मत फिरलं ते एका मूरिंगमुळे. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नांगर म्हणून रेल्वेची जुनी लोखंडी चाकं, त्यावर शेकडो मीटर दोर, दोरावर अंतराअंतराने प्रवाहमापक, आणि सगळं उभं धरायला तरंगते गोळे. ते वर्षभर पाण्यात राहतं आणि नोंदी प्रत्येक यंत्राच्या पोटातच साठतात. वर्षाने जहाज परत त्या जागी जातं. जहाजावरून पाण्यात ध्वनीचा संकेत सोडायचा. तो ऐकून नांगराजवळची कडी उघडते आणि उरलेला दोर गोळ्यांच्या जोरावर वर येतो.

आम्ही पहाटे जागेवर पोचलो. संकेत पाठवला. कडीने उत्तर दिलं, कडी उघडली, पहिला आनंद झाला. गोळे वर यायला अर्धा तास धरला होता. अर्धा तास गेला, तास गेला. कठड्याला टेकून आम्ही सगळे पाण्यावर नारिंगी ठिपका शोधत होतो. शेवटी दोन गोळे दिसले, फक्त दोन. ओढून घेतले तर त्यांच्याखाली कडी आणि दोराचा खालचा तुकडा. वरचा दोर पिंजून तुटलेला, आणि त्यात कुणाच्या तरी लांब दोरीच्या गळांचा एक गुंता अडकलेला. सहा यंत्रं गेली. दोष कुणालाच देता येत नव्हता. गळ टाकणाऱ्याला खाली काय उभं आहे ते दिसायचं कसं?

यंत्रं पुन्हा घेता आली असती. मला सतावलं ते वेगळंच. दोर दुसऱ्या महिन्यात तुटला की अकराव्या, हेसुद्धा आम्हाला सांगता येईना. एक अख्खा पावसाळा त्या यंत्रांनी मोजला होता आणि तो त्यांच्यासोबतच तळाला गेला होता. त्या खेपेत जहाजाच्या प्रयोगशाळेत भिंतीवर त्याच वर्षाचे उपग्रहांवरून काढलेले पृष्ठतापमानाचे नकाशे चिकटवलेले होते, आठवड्याला एक. तेवढे बावन्न कागद मी त्या संध्याकाळी एकामागून एक पाहिले. ते उथळ होते, फक्त पाण्याच्या कातडीबद्दल बोलत होते, पण एकही आठवडा हरवलेला नव्हता. पुढच्या वर्षी मी जहाज सोडलं.

हा माझा अनुभव आहे, मोजमाप नव्हे. ज्यांची मूरिंगं सलग दहा वर्षं सुखरूप परत आली असे लोक मला माहीत आहेत, आणि त्यांचं मत वेगळं असेल तर ते रास्तच आहे.

तरीही नंतर जे शिकलो त्याने माझं मत पक्कंच झालं. जगभरच्या समुद्रांत आज सुमारे चार हजार आर्गो फ्लोट, म्हणजे आपोआप बुडणारी आणि वर येणारी मापनयंत्रं, सोडलेले आहेत. ते हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात, आणि पृष्ठभागावर आले की नोंदी उपग्रहामार्फत पाठवून देतात. पुढे फ्लोट हरवला तरी पाठवलेलं हरवत नाही. समुद्राच्या पोटातलं यंत्रसुद्धा आकाशातूनच बोलतं. समुद्रतळाचंही तसंच. जहाजांनी बारकाईने मोजलेला तळ जगात अजून साधारण चतुर्थांशच आहे. उरलेल्या भागाचे डोंगर-दऱ्या आपण नकाशात पाहतो, ते बव्हंशी उपग्रहांनी पाण्याच्या पातळीतले सूक्ष्म चढउतार मोजल्यामुळे. भारत आणि फ्रान्स यांचा 'सरल' उपग्रह २०१३ साली याच पातळीच्या मोजणीसाठी वर गेला. म्हणून 'आकाश की समुद्र' हा प्रश्न मला हल्ली थोडा चुकीचा वाटतो. आकाशातला बराच पैसा फिरून समुद्रातच येतो.

वादळांची गोष्ट तर मासेमारांच्या घरात सांगायची गरज नाही. नोव्हेंबर २००९चं फयान आमच्या वाड्यावर अजून आठवतं. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरचे अनेक खलाशी तेव्हा परतले नाहीत. आमच्या शेजारचे काका त्या रात्री जेट्टीवरून घरी आलेच नाहीत, मुलाची होडी दिसेपर्यंत तिथेच उभे होते. ती आली, दुसऱ्या दिवशी दुपारी. मे २०२१मध्ये तौक्ते आलं तेव्हा मासेमारीबंदी सुरू व्हायला दोन आठवडे बाकी होते, म्हणजे होड्या बाहेरच असायच्या. पण इशारा आधीच आला होता आणि आमच्या वाड्यावरच्या सगळ्या होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या होत्या. झाडं पडली, आमच्याकडे चार दिवस वीज नव्हती, पण त्या रात्री जेट्टीवर कुणाला उभं राहावं लागलं नाही. ओडिशाचं १९९९चं महाचक्रीवादळ सुमारे दहा हजार माणसं घेऊन गेलं. २०१९च्या फनीच्या वेळी बारा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि तिथे मृत्यू ६४ झाले. हे सगळं श्रेय उपग्रहांचं नाही. निवारे, रडार, गावोगावचे कार्यकर्ते यांनी ते काम केलं. पण वादळ किनाऱ्यापासून हजार किलोमीटरवर असताना दर अर्ध्या तासाला त्याचं चित्र इन्सॅटच देतो. जहाज वादळाच्या वाटेवर उभं करता येत नाही.

आता चंद्र. इथे मी थोडं जपून बोलतो. २३ ऑगस्ट २०२३च्या संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम उतरला, तेव्हा आमच्या तिठ्यावरच्या दुकानात टीव्हीसमोर चाळीस माणसं उभी होती आणि मी रडलो होतो. त्या आनंदाची किंमत मला लावता येत नाही, म्हणून ती इथे धरतही नाही. कामाची बाजू एवढीच सांगतो की २००८ला चांद्रयान-१ आणि २०१३ला मंगळयान ज्या जातीच्या रॉकेटने नेलं, त्याच पीएसएलव्हीने समुद्राचा रंग पाहणारे ओशनसॅटही वर चढवले. मासळी कुठे सापडेल याची जी सूचना हैदराबादहून किनाऱ्यांवर येते, ती पृष्ठतापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य पाहूनच काढलेली असते. चंद्रावर पोचायची तयारी करणारे हात आणि बांगड्याचा थवा शोधायला मदत करणारे हात फार वेगळे नाहीत.

अवकाशात माणूस पाठवण्याबद्दल मात्र माझं मन अजून पुरतं होत नाही. गगनयानाला २०१८मध्ये ९,०२३ कोटी मंजूर झाले, २०२४मध्ये व्याप्ती वाढवून ते २०,१९३ कोटींवर गेले. खोल समुद्र मोहिमेला २०२१मध्ये पाच वर्षांसाठी मिळाले ४,०७७ कोटी, आणि त्यातच तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारं 'मत्स्य ६०००' बसवायचं आहे. यांतली तफावत मला बोचते. माणूस स्वतः गेल्याने जे शिकायला मिळतं ते यंत्राने मिळत नाही, असं सांगणारे माझ्याहून जाणते आहेत, तेव्हा मी विरोधात हात वर करणार नाही. पण वाटप माझ्या हाती असतं तर त्या वाढीतला एक लहान वाटा मी फ्लोट, बोया आणि जहाजांच्या दिवसांसाठी मागितला असता. उपग्रहांवरचा आणि यंत्रमोहिमांवरचा एक रुपयाही कमी केला नसता.

तर भाचीला, आणि असाच विचार करणाऱ्या कुणालाही. हाताने काम करायला आवडत असेल, डेकवर रात्री तीन वाजता पावसात उभं राहायची तयारी असेल, पोटात पाणी हललं तरी काम थांबत नसेल, तर समुद्राकडे जा. तिथे माणसं कमी आहेत आणि प्रश्न मोठे आहेत. मला विचाराल तर मी आधी उपग्रहांचं काम शिकेन, अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्रात चालतं तसं, आणि तिथून समुद्राकडे येईन. समुद्राकडून आकाशाकडे जाणं मला जड गेलं होतं. उलटी वाट सोपी असावी, असा माझा अंदाज आहे.

आमचा गणपती पाच दिवसांचा. चौथ्या रात्री आरती झाल्यावर भाची आणि मी फोनवर आर्गोचा नकाशा उघडून बसलो. नोंदी कुणालाही पाहता येतात. बाहेर पाऊस लागला होता. गोव्याच्या पश्चिमेला खोल पाण्यात एक ठिपका सापडला, दोन दिवसांपूर्वी वर येऊन गेलेला. तिने तापमानाचा आलेख पाहिला, क्षारतेचा पाहिला, आणि मग प्राणवायूचा आलेख आहे का ते शोधलं. या फ्लोटवर तो संवेदक होता. वरच्या थरात रेघ ठीक होती. शंभर मीटरच्या पुढे ती डावीकडे कलत गेली आणि दीडशेच्या आसपास शून्याला चिकटली. तिने बोट ठेवून ती रेघ कुठे परत सुटते ते पाहिलं. हजार मीटर खाली.