वय : सज्ञान

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. वाती बनवायच्या धंद्यात फसले : २,३६,७०० रुपये गेले, ५,००० परत आले. मशीनचे १,८५,०००, कापसाच्या डिपॉझिटचे ४०,०००, 'करार खर्च' ७,५०० आणि टेम्पोचे ४,२००. त्यातले दीड लाख बाबांच्या एसटीच्या फंडातले, साठ हजार आईने बचत गटातून उचललेले, उरलेले माझ्या शिकवण्यांचे. गटाचं व्याज महिना १,२०० रुपये अजून चालू आहे.

आणि मी बीबीए आहे. बिझनेस लॉमध्ये शंभरपैकी ८१. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

कंपनीने आपल्याला वातींचं मशीन विकायचं, कापूस तिनेच पुरवायचा, तयार माल किलोमागे २५० रुपये देऊन परत घ्यायचा. बायबॅकचा हा प्रकार तुम्हाला माहीत आहे, मलाही होता. म्हणूनच तर मी हटून बसले की लेखी करार हवा. बाकीचे तोंडी शब्दावर फसतात, मी कागद करून फसले.

पुण्यात एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला गाळा. भिंतीवर उद्यमचं, म्हणजे लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. (उद्यम नोंदणी फुकट होते, स्वतःच भरलेल्या माहितीवर होते. त्या फ्रेमला भुलू नका.) पन्नाशीचा एक गृहस्थ तासभर बोलला. सगळे त्याला साहेब म्हणत होते, दर त्यानेच ठरवला, मशीन त्यानेच चालवून दाखवलं. सहीची वेळ आली तशी त्याने हाक मारली आणि आतून एक पोरगा आला. मिसरूड जेमतेम फुटलेलं, एका कानात इअरफोन. 'फर्म मुलाच्या नावावर आहे, टॅक्सला बरं पडतं.' पोराने न वाचता चार पानांवर सह्या ठोकल्या आणि निघून गेला. मी काय म्हणावं? 'एवढ्या लहान वयात मालक!' म्हणाले आणि वर हसले. माझ्याच तोंडचे शब्द, रात्री दोन-दोन वाजता आठवतात.

कागदावर माझ्या नावापुढे होतं : वय २३ वर्षे. त्याच्या नावापुढे : वय सज्ञान.

मी ते वाचलं होतं. बोटाने ओळ धरून वाचलं होतं. पण आमच्या घरच्या जुन्या खरेदीखतातही 'सज्ञान' असंच लिहिलेलं आहे, त्यामुळे खटकलं नाही. आधार कार्ड मागायला अर्धा मिनिट लागला असता. बापासमोर पोराचं वय विचारणं उद्धटपणाचं वाटलं, एवढंच.

पैसे यूपीआयने आणि एनईएफटीने पाठवले, तेव्हा स्क्रीनवर एका बाईचं नाव आलं. 'आमच्या अकाउंटंट मॅडम.' ती त्याची बायको निघाली. फर्म एकाची, बोलणार दुसरा, पैसे तिसरीच्या खात्यात. याहून मोठी पाटी देवाने कुठे लावायची?

पहिला २० किलोचा माल गेला आणि तिसऱ्या दिवशी ५,००० जमा झाले. आई देवापुढे साखर ठेवून आली. दुसरा ३८ किलोचा माल परत आला : 'क्वालिटी नाही.' करारातलं कलम ९ काढून वाचलं : माल कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार असल्यास घेतला जाईल, कंपनीचा निर्णय अंतिम. निकष कुठे होते? कुठेच नव्हते. अर्थच ठरवता येत नाही असा करार रद्दबातल, हे करार कायद्याचं कलम २९ मला पाठ आहे. पाठ असून काय उपयोग. नोटरीचा शिक्का होता म्हणाल तर नोटरी सही कोणी केली ते बघतो, आतल्या अटी तुमच्या हिताच्या आहेत का ते नाही. आणि स्टॅम्पपेपर पाचशेचा होता. माझ्याकडून ७,५०० घेतले.

वकिलांची नोटीस पाठवली, फी ३,०००. उत्तर आलं, सोबत शाळेचा दाखला : 'आमचे अशील क्र. १ हे करारदिनी अज्ञान होते, सबब करार मुळातच रद्दबातल आहे. अशील क्र. २ हे कराराचे पक्षकार नाहीत.' क्र. २ म्हणजे साहेब. अज्ञान म्हणजे कायद्याने अठरा पूर्ण नसलेला. पोराचं वय तेव्हा १७ वर्षे ४ महिने.

मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, प्रिव्ही कौन्सिल (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं अपील कोर्ट), १९०३. कलकत्त्याच्या एका अज्ञान मुलाने मालमत्ता गहाण टाकून वीस हजारांचं गहाणखत केलं, सावकाराच्या माणसाला त्याच्या वयाची खबर होती, निकाल लागला की अज्ञानाचा करार जन्मतःच मेलेला आणि सावकाराला पैसे परत नाहीत. दोनदा परीक्षेत लिहिलंय मी हे, 'कायदा अज्ञानाला जपतो' या वाक्यासकट. त्या अज्ञानाच्या आडोशाला त्याचा बाप दुकान थाटून बसू शकतो, हे कुठल्याही गाइडमध्ये नव्हतं.

आता पोलीस. आमच्या ठाण्यात म्हणाले, घटना पुण्याची, तिकडे जा. (हे खोटं आहे. हद्द कुठलीही असो, गुन्ह्याची खबर घ्यावी लागते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तसं लिहिलंय.) तिकडे गेले. 'ताई, करार केलाय ना तुम्ही? मग सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.' मी नोटिशीचं उत्तर पुढे केलं : साहेब, तेच म्हणतायत की करारच नाही! तर म्हणे, मग तुमचं म्हणणं तरी काय? म्हणजे पोलिसांसाठी करार आहे आणि समोरच्या वकिलासाठी नाही, आणि मधल्या बाकड्यावर मी. सहा खेपा झाल्या. एकदा अंमलदार बंदोबस्ताला, एकदा साहेब मीटिंगला, एकदा जेवायला आणि ते जेवण सव्वापाचपर्यंत. अर्जावर पोच द्यायला सुद्धा तिसरी खेप लागली. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊच नका. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना लेखी द्या, तिथेही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. हे मला ठाण्यातल्या कोणी सांगितलं नाही.

ग्राहक आयोगाच्या खिडकीवर 'व्यापारी हेतू' म्हणून परत पाठवलं. पोटापाण्यासाठी स्वतः चालवायचं मशीन घेतलं तर त्याला अपवाद आहे, २०१९च्या कायद्यातच आहे, हे नंतर वाचलं. खिडकीतल्या माणसाला ठाऊक नसेल? मला नाही वाटत.

आमचे वकील म्हणतात, सगळं संपलेलं नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३३ खाली अज्ञानाला झालेला फायदा कोर्ट परत करायला लावू शकतं, आणि बापावर फसवणुकीचा स्वतंत्र दावा होतो, पैसे बायकोच्या खात्यात गेल्याचा पुरावा बँकेत आहे. मुदत तीन वर्षांची. त्यांची फी ३५,०००. आणि स्त्रीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरणाकडून, १९८७चा कायदा आहे. हे मला कोणी सांगावं? शेजारच्या रसवंतीवाल्याने.

पोरगा आता अठराचा झालाय. आज त्याने 'करार मान्य' म्हटलं तरी तो जुना करार जिवंत होत नाही, हेही पुस्तकात होतं. नव्याने सही घ्यायला गेले तर साहेब हसले.

मशीन ओसरीत आहे. तसंच दुसरीकडे ६८,०००ला मिळतं.

वातींच्या किंवा कशाच्याही बायबॅकमध्ये कोणी असाल तर आत्ता उठून करार काढा आणि समोरच्याच्या वयाच्या जागी काय लिहिलंय ते बघा. 'सज्ञान' एवढंच असेल तर मला कळवा. एकटीला सिव्हिल मॅटर म्हणून हाकलतात, सात-आठ जणी कागद घेऊन एकदम गेलो तर बघू काय म्हणतात.