आधारचे बायोमेट्रिक लॉक: एक परीक्षण

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाने देऊ केलेली बायोमेट्रिक लॉक ही विनामूल्य सोय मी बरेच महिने चालू ठेवली आहे आणि ज्यांचे बँक खाते आधारशी जोडलेले आहे अशा प्रत्येकाने ती चालू करावी, असे माझे मत झाले आहे. मायआधार पोर्टलवर किंवा प्राधिकरणाच्या मोबाईल ॲपवर ओटीपी देऊन लॉक लावले की बोटांचे ठसे, बुबुळे आणि चेहरा यांपैकी कशानेही आपल्या नावावर पडताळणी होत नाही. गरज पडेल तेव्हा ते दहा मिनिटांपुरते उघडता येते आणि मुदत संपताच आपोआप पुन्हा लागते.

या सोयीचे महत्त्व आधार-आधारित पैसे काढण्याच्या पद्धतीत कळते. तिथे बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि बोटाचा ठसा एवढ्यावर रक्कम हाती येते. पिन नाही, ओटीपी नाही. ग्रामीण भागात बँक मित्राकडे, म्हणजे बँकेच्या वतीने गावात व्यवहार करणाऱ्या प्रतिनिधीकडे, जाणाऱ्यांना याचा फार उपयोग होतो हे खरे, पण ठसा ही काही लपवून ठेवण्याची वस्तू नव्हे. २०१८ मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांचे रबरी नमुने बनवल्याचे आणि त्यांवर सिमकार्डे सुरू केल्याचे प्रकरण उघडकीस आले होते. पुढे बोट जिवंत आहे की नाही हे ओळखणारी तपासणी यंत्रणेत आली. तरीही पासवर्डासारखा ठसा बदलून घेता येत नसल्यामुळे कुलूप आपल्या हाती असणे मला अधिक भरवशाचे वाटते.

माझा मुख्य आक्षेप असा की हे लॉक मुळात उघडे असते आणि लावायचे काम नागरिकावर सोडलेले आहे. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले. अशा गावांतील ज्या लोकांना रेशन दुकानातील ई-पॉस यंत्रावर दरमहा अंगठा ठेवावा लागतो, त्यांच्यासाठी ही सोय जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण लॉक उघडण्यासाठी नोंदणीकृत मोबाईल जवळ हवा. आजीचा अंगठा दुकानात आणि मोबाईल पुण्याला मुलाच्या खिशात, अशी स्थिती असेल तर लॉक न लावणेच घरच्यांना सोयीचे वाटणार. नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला असताना, त्याचे रक्षण स्मार्टफोन वापरता येण्यावर अवलंबून राहावे, हे पटत नाही.

शिवाय हे लॉक केवळ पडताळणी अडवते. कागदाची प्रत देताना ते कामाचे नाही. हॉटेल किंवा घरमालक प्रत मागतो तेव्हा शेवटचे चारच अंक दाखवणारे मास्क्ड आधार द्यावे, आणि पडताळणीसाठी क्रमांक सांगायचाच असेल तर हवा तेव्हा बदलता येणारा सोळा अंकी व्हर्च्युअल आयडी वापरावा. गंमत अशी की मास्क्ड प्रत पाहून ‘पूर्ण नंबर दिसत नाही’ म्हणून ती परत करणारे कारकून अजून भेटतात.

मला सर्वांत उपयुक्त वाटला तो पडताळणीचा इतिहास. गेल्या सहा महिन्यांतील कमाल पन्नास नोंदी त्यात दिसतात. त्यात अनोळखी नोंद आढळली तर १९४७ या क्रमांकावर लगेच तक्रार करावी आणि लॉक आधी लावलेले नसेल तर त्याच वेळी लावावे.